वापरात राहिलेलं जौनपूर

इ.स. १६०५ सालची गोष्ट. जौनपुरात गोमती नदीच्या पुलावर एकोणीस-वीस वर्षांचा एक तरुण मित्रांच्या घोळक्यात बसला होता. जवाहिऱ्याच्या घरातला, श्रीमाळ जैन, नाव बनारसीदास. हातात त्याचीच पोथी होती. नऊ रसांवर रचलेली, पण मुख्यतः शृंगारात बुडालेली, हजारभर पद्यांची. मित्रांना ती वाचून दाखवता दाखवता त्याच्या मनात विचार आला, की एकदा खोटं बोलणाऱ्यालाही त्याचं फळ भोगावं लागतं, आणि आपण तर अख्खी पोथीच कल्पनेतल्या खोट्यानं भरली. त्यानं तिथेच ती पोथी गोमतीत टाकून दिली. मित्र हळहळले, पण पानं सुटी झाली होती, पाणी खोल होतं, आणि वाहत्या नदीतून कागद गोळा कोण करणार!

हा प्रसंग बनारसीदासानं स्वतःच लिहून ठेवला आहे. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, त्यानं आपलं आयुष्य पद्यात मांडलं. माणसाचं पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचं, त्यातलं अर्धं झालं, म्हणून नाव ठेवलं ‘अर्धकथानक’. आपल्याकडच्या देशी भाषांमधलं हे अगदी आरंभीचं आत्मचरित्र. मुंबईच्या नाथूराम प्रेमींनी विसाव्या शतकात ते संपादून छापलं, तेव्हा ते सर्वसामान्य वाचकांच्या हाती आलं.

पोथी वाहून गेली, पूल मात्र अजून उभा आहे. त्यावरून आजही माणसं, सायकली, रिक्षा जातात. जौनपूरच्या इतिहासात फिरताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. इथल्या सुलतानांच्या राजवाड्यांचा मागमूस उरलेला नाही, पण लोकांनी जे रोज वापरलं ते टिकलं. पूल टिकला, नमाजाच्या मशिदी टिकल्या, गवयांच्या गळ्यातला राग टिकला.

जौनपूर काशीच्या वायव्येला साधारण साठ किलोमीटरवर आहे. काशी-प्रयाग-अयोध्या करणारी मराठी माणसं त्याच्या आजूबाजूनं जातात, पण उतरत नाहीत. मुंबईकरांना हे नाव माहीत असतं ते टॅक्सीवाल्यांच्या आणि दूधवाल्यांच्या गावाचं म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या या जिल्ह्यातले लोक पोटासाठी मुंबईत येत आहेत. पंधराव्या शतकात मात्र ओघ उलटा होता. तेव्हा दूरदूरची माणसं पोटासाठी आणि मानासाठी जौनपूरला जात होती, आणि त्यात आपल्या दौलताबादचाही एक जण होता. त्याच्याकडे वळण्याआधी शहर कसं वसलं ते पाहू.

दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक बंगालच्या मोहिमेवर असताना पावसाळ्यात गोमतीच्या काठी थांबला. जवळच जफराबाद हे जुनं ठाणं होतं. त्याला जागा आवडली आणि १३५९ मध्ये त्यानं इथे नवं शहर वसवायला घेतलं. नाव दिलं आपल्या चुलतभावाचं. हा चुलतभाऊ म्हणजे मुहम्मद तुघलक. राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणून तिचं दौलताबाद करणारा तोच. त्याचं मूळ नाव जौना खान, म्हणून गाव जौनपूर. स्थानिक लोकांना ही व्युत्पत्ती पुरेशी वाटत नाही. जमदग्नी ऋषींचा आश्रम इथे होता, ‘जमदग्निपूर’चं जौनपूर झालं, असं ते सांगतात, आणि जवळच्या जमैथा गावात ऋषींचं स्थानही दाखवतात. नाव कुठूनही आलेलं असो, वस्ती तुघलकांहून फार जुनी आहे एवढं नक्की. त्याचा पुरावा इथल्या जामा मशिदीच्या दक्षिण दरवाजावर सापडला. मौखरी घराण्यातल्या ईश्वरवर्म्याचा संस्कृत शिलालेख, सहाव्या शतकातला. सातव्या शतकातल्या हर्षवर्धनाच्याही आधीचा हा दगड.

नदीच्या उत्तर काठावरचा किल्ला हे या शहराचं पहिलं बांधकाम. फिरोजशाहचा सरदार इब्राहिम नायब बारबक यानं तो उभारला. आतली छोटी मशीद १३७६-७७ची आहे. तिच्या अंगणातला उंच, सडपातळ मनोरा आणि अर्धा जमिनीत रुतलेला हमामखाना एवढं सावकाश पाहावं. हमामात गरम आणि गार पाण्याच्या वेगळ्या खोल्या आहेत आणि उजेडासाठी घुमटांना भोकं ठेवलेली आहेत. उत्तरेतल्या कडाक्याच्या थंडीत या खोल्या किती सुखाच्या वाटत असतील ते आत उभं राहिल्यावर कळतं.

जौनपूरला वैभवाचे दिवस आले ते दिल्ली कोसळली म्हणून. १३९४ मध्ये दिल्ली दरबारातला मलिक सरवर नावाचा खोजा अधिकारी पूर्वेकडच्या प्रांतांवर नेमला गेला. त्याचा किताब ‘मलिक-उस्-शर्क’, म्हणजे पूर्वेचा स्वामी. या ‘शर्क’वरून घराण्याचं नाव पडलं शर्की. चार वर्षांनी, १३९८ मध्ये, तैमूरनं दिल्ली लुटली आणि केंद्रसत्ता नावापुरती उरली. मलिक सरवरच्या दत्तकपुत्रानं, मुबारकशाहनं, उघडपणे सुलतानपद धारण केलं. त्याच्या पाठोपाठ १४०२ मध्ये त्याचा भाऊ इब्राहिमशाह गादीवर आला आणि १४४० पर्यंत राज्य करत राहिला. ही अडतीस वर्षं म्हणजे जौनपूरचं ऐन तारुण्य.

तैमूरच्या भीतीनं दिल्ली सोडलेले विद्वान, कारागीर, गवय्ये, सूफी जौनपूरच्या आश्रयाला आले. त्यांच्यात काझी शिहाबुद्दीन होते. जन्म दौलताबादचा, शिक्षण दिल्लीचं, कीर्ती जौनपूरची. अरबी व्याकरणावरचे त्यांचे ग्रंथ पुढे शतकानुशतकं मदरशांमध्ये शिकवले गेले. इब्राहिमशाहनं त्यांना ‘मलिक-उल्-उलमा’, विद्वानांचा राजा, असा किताब दिला आणि दरबारात बसायला चांदीची खुर्ची दिली. पुढे विजापूरच्या दरबारात इतिहास लिहिणाऱ्या फरिश्तानं त्यांची एक आठवण नोंदवली आहे. काझी आजारी पडले तेव्हा सुलतान स्वतः त्यांच्या घरी गेला. त्यानं पाण्याचा पेला मागवला, तो काझींच्या डोक्याभोवती ओवाळला, त्यांच्यावरचं संकट आपल्यावर यावं अशी प्रार्थना केली आणि ते पाणी पिऊन टाकलं. आपल्या घरांतून आजही आजारी मुलावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकतात. इथे राजानं विद्वानावरून उतरवलेलं पाणी टाकलं नाही, पोटात घेतलं. विद्येची कदर करणारे राजे इतिहासात पुष्कळ आहेत, पण हा पेला माझ्या मनातून जात नाही. काझी बरे झाले. त्यांची कबर जौनपुरातच आहे.

त्या काळच्या जौनपूरचं वर्णन करणारा दुसरा मोठा साक्षीदार म्हणजे मिथिलेचा कवी विद्यापती. आपल्या राजाचं गेलेलं राज्य मिळवायला इब्राहिमशाहची मदत मागावी लागली, त्याची कथा ‘कीर्तिलता’त आहे. त्यात जौनपूरच्या बाजाराची गर्दी आहे, धक्काबुक्की आहे, शेजारी शेजारी राहणारे हिंदू आणि तुर्क आहेत, तुर्की शिपायांच्या अरेरावीबद्दलची नाराजीही आहे. मदत मागायला आलेल्या राजाचा कवी असूनही त्यानं गोड गोडच लिहिलेलं नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. इब्राहिमशाहचा दबदबा पार चीनपर्यंत पोचला होता. त्याचं बंगालशी वैर पेटलं तेव्हा मिंग सम्राटानं १४२० मध्ये हौ शियान हा दूत जौनपूरला पाठवून लढाई थांबवण्याबद्दल मध्यस्थी केली.

आता शहरातल्या सर्वांत महत्त्वाच्या वास्तूकडे येऊ. अटाला मशीद १४०८ मध्ये पुरी झाली. पाया फिरोजशाहच्या काळातच घातला गेला होता, पण वास्तू उभी केली इब्राहिमशाहनं. या जागी अटलादेवीचं मंदिर होतं अशी परंपरा आहे आणि मशिदीच्या खांबांत, तुळयांत जुने कोरीव दगड वापरलेले दिसतात. या जागेचा वाद आज न्यायालयात आहे, तिथे त्याचा निकाल लागेल. आपण वास्तूकडे पाहू.

चौकोनी अंगण, प्रत्येक बाजू सुमारे १७७ फूट. तीन बाजूंनी दुमजली ओवऱ्या, चांगल्या बेचाळीस फूट खोल, पाच रांगांत खांब उभे. त्यातल्या बाहेरच्या दोन रांगांचं तोंड अंगणाकडे नाही, रस्त्याकडे आहे. तिथे वाटसरूंसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी खोल्या होत्या. म्हणजे बांधणाऱ्यानं मशिदीची भिंत रस्त्याकडे पाठ करून उभी केली नाही. शहराला टेकता येईल अशी ती ठेवली.

चौथी बाजू पश्चिमेची, प्रार्थनेची. अंगणात पाऊल टाकलं की नजर खिळते ती तिथल्या मधल्या भिंतीवर. ७५ फूट उंच, पायथ्याशी ५५ फूट रुंद, वर निमुळती होत जाणारी ही भिंत एखाद्या किल्ल्याच्या दोन बुरुजांना मध्ये कमान घालून जोडावं तशी दिसते. कमान अकरा फूट खोल आत घेतलेली, तिच्या पोटात आणखी कमानी, जाळ्या, कोनाडे. तिरक्या, निमुळत्या भिंती ही तुघलकांची दिल्लीतली सवय. जौनपूरच्या गवंड्यांनी ती उचलली आणि पार टोकाला नेली.

अशी भिंत कशासाठी? शर्कींच्या या मशिदींना मिनार नाहीत. दुरून वास्तू दिसावी, तिची उंची मनात ठसावी, हे काम इतरत्र मिनार करतात, इथे ते दर्शनी भिंतीवर सोपवलं गेलं. त्याची एक किंमतही मोजावी लागली. भिंतीमागे सुरेख घुमट आहे, पण अंगणात उभं राहिलं तर तो अजिबात दिसत नाही. वास्तुकलेचे जाणकार हा दोष मानतात आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. तरी दक्षिणेतल्या मोठ्या देवळांचं गोपुर जसं गाभाऱ्यावरच्या शिखराला झाकून टाकतं आणि तरी गावाची ओळख होऊन बसतं, तसंच इथे झालं आहे. ही भिंत एकदा पाहिली की शर्की वास्तू कुठेही ओळखता येते. दिल्लीची नक्कल न करता एका प्रांतिक राजधानीनं आपला स्वतःचा चेहरा घडवला, याचं मला फार मोल वाटतं.

मशिदीच्या मागच्या बाजूला, पश्चिमेच्या रस्त्यावर जरूर जावं. पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. पुढच्या भिंतीनं झाकलेला घुमट तिथून मोकळा दिसतो, आणि मागच्या भिंतीच्या कोपऱ्यांना निमुळते बुरूज दिसतात. पुढून न सुटलेला हिशेब मागून सुटतो.

अटालाच्या पावलावर पाऊल ठेवून बांधलेली दुसरी मशीद म्हणजे लाल दरवाजा. इब्राहिमशाहचा मुलगा महमूदशाह याची राणी बीबी राजी हिनं १४४७च्या सुमाराला ती बांधवली. शेजारीच तिचा महाल होता. त्याच्या तांबड्या रंगाच्या उंच दरवाजावरून मशिदीला नाव मिळालं. महाल गेला, दरवाजा गेला, नाव उरलं. ही मशीद अटालाच्या दोन तृतीयांश आकाराची, साधी आणि बुटकी आहे. पण बांधवणारी बाई होती हे नकाशातच दिसतं. अटालामध्ये बायकांसाठीची जागा वरच्या मजल्यावर पार टोकाला आहे. बीबी राजीनं ती मधल्या घुमटाच्या अगदी लगत, मानाच्या जागी आणली आणि तिला दगडी जाळी लावली. राणीनं काय आज्ञा दिली ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण जाळी जिथे आहे तिथे ती कुणाच्या मनानं आली असेल ते सांगायला नको. तिनं मदरसाही स्थापन केला होता.

याच मशिदीच्या खांबांनी दोन महत्त्वाच्या गोष्टी सांभाळल्या. एका दगडावर १२९६चा संस्कृत लेख मिळाला. काशीत विश्वेश्वराच्या देवळाजवळ पद्मेश्वराचं मंदिर बांधल्याची ती नोंद आहे. काशीच्या मंदिरांचा त्या काळातला इतिहास सांगणारी साधनं फार थोडी, त्यातलं एक जौनपूरच्या मशिदीत सापडावं! कुतुबुद्दीन ऐबकच्या स्वारीनंतर शंभर वर्षांनी काशीत विश्वेश्वराच्या शेजारी नवं देऊळ उभं राहत होतं, हे त्यावरून कळतं. पुढे ते देऊळही पडलं आणि त्याचा दगड इथे आला, हेही त्याच दगडावरून कळतं. दुसऱ्या लेखात कमाऊ नावाच्या कारागिराचं नाव आहे, बापाचं नाव विसद्रु. म्हणजे मशीद घडवणाऱ्यांत हिंदू पाथरवट होते आणि आपलं नाव नागरीत कोरायची त्यांना मुभाही होती. एकाच इमारतीत मोडलेल्या देवळाचा दगडही आहे आणि घडवणाऱ्या पाथरवटाची सहीही. जौनपूरला यायचं तर दोन्ही वाचायची तयारी ठेवून यावं. एक वाचून दुसऱ्याकडे डोळेझाक केली तर हे शहर समजत नाही.

तिसरी, सगळ्यांत मोठी, जामा मशीद. लोक तिला बडी मसजिद म्हणतात. शेवटचा शर्की सुलतान हुसेनशाह याच्या काळात, १४७०च्या आसपास ती झाली. उंच जोत्यावर असल्यामुळे पुष्कळ पायऱ्या चढाव्या लागतात. मधली भिंत ८५ फुटांची. पण इथलं खरं नवल भिंतीत नाही, तिच्या दोन्ही अंगांच्या दालनांत आहे. सुमारे ५० फूट लांब, ४० फूट रुंद, ४५ फूट उंच दालन, आणि मध्ये एकही खांब नाही. भारतातल्या पाथरवटांना खांब-तुळईची सवय. चाळीस फुटांवर दगडी छत टाकायचं म्हणजे पंचाईत. त्यांनी आधी थोड्या थोड्या अंतरावर टोकदार दगडी कमानी उभ्या केल्या आणि मग त्यांच्या पाठीवर सपाट दगड अंथरत छत पुरं केलं. छपराचे वासे आधी आणि कौलं मग, तीच रीत, फक्त लाकडाऐवजी दगडात. बाजूच्या जाड भिंती सगळा रेटा सोसतात. साडेपाचशे वर्षं हे छत उभं आहे. आत उभं राहून खाकरलं तरी घुमतं.

हुसेनशाह लढवय्या म्हणून कमी पडला. दिल्लीच्या बहलोल लोदीवर तो पुन्हा पुन्हा चालून गेला, तह केले, मोडले, आणि अखेर १४७९ मध्ये जौनपूर गमावलं. पुढे बिहार, मग बंगालच्या सुलतानाचा आश्रय. मलिक सरवरपासून मोजलं तर शर्कींचं राज्य पंच्याऐंशी वर्षं टिकलं. पण हुसेनशाह हरला तो रणांगणात, संगीतात नव्हे. तो स्वतः जाणकार होता. ख्यालगायकीच्या आरंभीच्या घडणीचं श्रेय संगीताची परंपरा त्याला देते, हुसेनी कानड्याशी त्याचं नाव जोडलं जातं आणि जौनपुरी रागही त्याच्याच नावावर आहे. पंडित भातखंड्यांनी जौनपुरीला आसावरी थाटात बसवलं. आसावरीच्या आरोहात गंधार आणि निषाद दोन्ही वर्ज्य, जौनपुरीच्या आरोहात फक्त गंधार वर्ज्य, निषाद हजर. या एका निषादानं राग किती मोकळा होतो ते ऐकणाऱ्याला माहीत आहे. पुण्या-मुंबईच्या सकाळच्या मैफिलींतून जौनपुरी कितीदा तरी ऐकला जातो, पण त्या नावाचं गाव नकाशावर दाखवता येणारे किती? कुतबननं १५०३ मध्ये लिहिलेलं ‘मृगावती’ हे प्रेमाख्यान हुसेनशाहच्याच नावे आहे. तेव्हा त्याचं राज्य जाऊन दोन तपं होत आली होती. राज्य गेलेल्या राजाला कवीनं आपला ग्रंथ द्यावा, यातच सगळं आलं.

बहलोलचा मुलगा सिकंदर लोदी यानं पुढे शर्कींची आठवणच पुसायचं ठरवलं. राजवाडे, महाल जमीनदोस्त झाले. मशिदींवरही संकट आलं, पण उलमांनी मध्ये पडून त्या वाचवल्या. झंझरी मशिदीची मात्र फक्त दर्शनी भिंत उरली आहे, जाळीदार आणि लेसेसारखी नाजूक. काही तोडफोडीत गेली, काही गोमतीच्या पुरात. त्या भिंतीच्या मागे आज मोकळं आभाळ दिसतं.

राज्य गेलं तरी शहराची विद्या लगेच आटली नाही. सासारामहून बापाशी भांडून आलेला फरीद नावाचा अफगाण मुलगा इथेच शिकला, सादीचे ‘गुलिस्तान’ आणि ‘बोस्तान’ त्यानं इथेच वाचले. तो पुढे शेरशाह सूर झाला. इथलेच सय्यद मुहम्मद जौनपुरी (१४४३-१५०५) यांनी आपण महदी असल्याचं जाहीर केलं आणि त्यांचा महदवी पंथ गुजरात-दख्खनभर पसरला. त्यांचा एक अनुयायी जमाल खान १५८९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वेसर्वा बनला. दोनेक वर्षं निजामशाहीत महदवी पंथाला राजाश्रय होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडच्या लढाईत जमाल खान पडला आणि तो अध्याय संपला. गोमतीकाठच्या एका माणसाच्या दाव्याची लढाई आपल्या विदर्भाच्या वेशीवर लढली गेली, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत कधी आलं नाही.

मोगल आले आणि आपला तो पूल बांधला गेला. अकबराचा सुभेदार मुनीम खान खानखाना यानं तो बांधवला. रचनाकाराचं नाव अफझल अली सांगतात. मुख्य प्रवाहावर दहा कमानी, पुढे दुसऱ्या भागात पाच, भक्कम जाड खांब, आणि प्रत्येक खांबावर दोन्ही बाजूंना छत्र्या. पुलाच्या एका टोकाला हत्तीवर स्वार झालेल्या सिंहाचं दगडी शिल्प आहे, पुलाहून बरंच जुनं. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर हत्तीला पायाखाली दाबणारी शिल्पं असतात, त्यांची आठवण होते.

पुलाचं वर्ष फारसी कवितेत कोड्यात घातलेलं आहे. अरबी अक्षरांना ठरावीक आकडे असतात, शब्दातल्या अक्षरांची बेरीज केली की साल निघतं. कवी सांगतो, ‘सिरात-अल्-मुस्तकीम’ घ्या, म्हणजे सरळ वाट, आणि त्यातून ‘बद’ काढून टाका. हिशेब करून पाहू. ‘सिरात’चे होतात ३००, ‘अल्-मुस्तकीम’चे ६८१, बेरीज ९८१. ‘बद’ म्हणजे वाईट, त्यातल्या ‘ब’चे २ आणि ‘द’चे ४, मिळून ६. ९८१ मधून ६ वजा केले की उरतात ९७५. हिजरी ९७५ म्हणजे इ.स. १५६७-६८. सरळ वाटेतून वाईट काढून टाकलं की पूल मिळतो! सनावळीतही अर्थ भरणारी माणसं होती ती.

बनारसीदासाच्या कुटुंबाचं जौनपूर हे या पुलानंतरचं, व्यापारानं गजबजलेलं जौनपूर. छत्तीस प्रकारचे कारागीर तो मोजून दाखवतो. कागद करणारे, पाथरवट, सिकलीगार, तेली, तांबोळी, शोभेची दारू करणारे हवाईगरसुद्धा. पण सुखाचं चित्र नाही ते. १५९८ मध्ये किलीच खान या सुभेदारानं काहीतरी मोठी वस्तू मागितली. जवाहिरे ती देऊ शकले नाहीत, म्हणून त्यांना कोंडून फटके मारले. सगळे घरदार घेऊन पळाले.

आणि १६०५ची ती बातमी. आग्र्याला अकबर बादशाह वारला. बनारसीदास जिन्यावर बसला होता. बातमी कानावर पडताच त्याला भोवळ आली, तो खाली पडला, कपाळ फुटलं, अंगण रक्तानं लाल झालं. आईनं कपडा जाळून त्याची राख जखमेत भरली. बाहेर शहरात एकच पळापळ. दुकानं बंद, दारांना कड्या. श्रीमंतांनी दागिने जमिनीत पुरले, भारी कपडे काढून जाडेभरडे घातले, बायकांनीही तसंच केलं. गरीब-श्रीमंत ओळखू येईनात. बादशाह गेला, आता कायदा कुणाचा, या धास्तीत दहा दिवस गेले. मग आग्र्याहून पत्र आलं, की शाहजादा सलीम जहांगीर नावानं गादीवर बसला आहे. दारं उघडली. कुठल्याही दरबारी तवारिखीत हे दहा दिवस सापडायचे नाहीत. सत्ता बदलताना साध्या माणसाच्या घरात काय होतं, ते या एका जवाहिऱ्याच्या मुलानं आपल्याला सांगितलं. पोथी पुलावरून फेकली ती यानंतर.

पुढे सत्तेचं आणि व्यापाराचं केंद्र इतरत्र सरकलं. १५ जानेवारी १९३४च्या बिहारच्या भूकंपात पुलाच्या सात कमानींना मोठी हानी पोचली. त्या पुन्हा बांधून घेतल्या गेल्या, कारण त्या पुलाशिवाय शहराचं चालणार नव्हतं. राजवाड्यांसाठी असं कुणी केलं नाही.

काशीला जाल तेव्हा एक दिवस जौनपूरसाठी जरूर काढा. सकाळी अटाला, पुढून आणि मागून. मग लाल दरवाजा, तिथे घुमटाजवळची जाळी पाहायला विसरू नका. दुपारी जामा मशिदीचं बिनखांबी दालन, तिथे गारवा असतो. मशिदी नांदत्या आहेत, नमाजाच्या वेळा सांभाळाव्यात, पादत्राणं बाहेर ठेवावीत. बाजारात उडदाच्या डाळीची, देशी खांडेच्या पाकातली इमरती मिळते, ती खावी. उन्हं कलल्यावर किल्ला पाहून पुलावर यावं आणि छत्रीखाली थोडं टेकावं. काशीहून सकाळी निघालं तर रात्री जेवायला परत पोचता येतं.